आवाज आमचा, चेहरा कुणाचा?

शोषितांच्या इतिहासाची साधने कोणती, हा प्रश्न आपण कित्येक वर्षे विचारत आलो आहोत. ताम्रपट, बखरी आणि दफ्तरे ज्यांनी लिहिली त्यांचा इतिहास त्यांत सापडतो. ज्यांचा लिहिण्याचा हक्कच हिरावून घेतला होता, त्यांचा इतिहास दुसरीकडे शोधावा लागतो. म्हणून आपण जात्यावरच्या ओव्या, पोवाडे, जलसे, पत्रके, परिषदांचे ठराव हे सारे पुरावा म्हणून मांडले. या यादीत मला आणखी एका साधनाची भर घालावयाची आहे. ते साधन म्हणजे गाण्याच्या तबकडीचे वेष्टन, ज्याला आपण सरळ 'कव्हर' म्हणतो. बारा इंच लांब, बारा इंच रुंद असा हा पुठ्ठ्याचा चौकोन. दुकानदाराच्या लेखी तो माल झाकण्याचा कागद असेल. माझ्या लेखी तो दस्तऐवज आहे. आवाज कुणाचा घेतला आणि चेहरा कुणाचा लावला, याची नोंद त्यावर छापलेली असते.

या दस्तऐवजाचे वाचन मी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतापासून सुरू करतो. त्याचे कारण उघड आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले होते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरच्या नावाशी नाते सांगतच. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने मराठी वाचकाला त्या वाङ्मयाची ओळख करून दिली. पुस्तके आपल्यापर्यंत आली. तबकड्या मात्र फारशा आल्या नाहीत. आज ती सारी कव्हरे विद्यार्थ्याच्या खिशातल्या मोबाइलवर दिसतात. ती दिसतात, पण वाचली जात नाहीत. आणि हाच विद्यार्थी स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ करावयास निघतो तेव्हा न वाचलेली ती कव्हरे नकळत त्याच्या हातून पुन्हा छापली जातात. म्हणून हा खटाटोप.

१

तबकडीच्या आधी छापील गाणे होते. एकोणिसाव्या शतकात गाणे विकले जाई ते स्वरलिपीच्या पत्रिकांतून, आणि त्या पत्रिकांच्या मुखपृष्ठावर चित्रे असत. १८३० च्या सुमारास टॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाचे सोंग रंगवू लागला. फाटके कपडे, वेडेवाकडे अंगविक्षेप, बटबटीत डोळे. प्रेक्षक पोट धरून हसत. हे चित्र पत्रिकांच्या मुखपृष्ठांवर छापले गेले आणि गोऱ्यांच्या दिवाणखान्यातील पियानोवर जाऊन बसले. पुढे दक्षिणेकडील राज्यांत काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवणारे जे कायदे झाले, त्यांना लोक याच पात्राच्या नावाने ओळखू लागले. एका विनोदी सोंगाचे नाव अन्यायाच्या कायद्याला मिळते, यावरून चित्राचे सामर्थ्य लक्षात यावे. माणसाला कायद्याने हीन ठरविण्यापूर्वी त्याला चित्रात हीन करावे लागते.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेने 'क्रेझी ब्लूज' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. ते इतके खपले की काळे लोकही तबकड्या विकत घेतात, हा शोध कंपन्यांना लागला! तेव्हापासून 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी वर्गवारी सुरू झाली. त्यांच्या याद्या वेगळ्या, क्रमांकमाला वेगळ्या, जाहिराती वेगळ्या. आपल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीची ही गाण्याच्या बाजारातील आवृत्तीच म्हणावी लागेल. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकाने हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केले ते १९४९ साली.

तोवर तबकडी साध्या कागदी पाकिटात मिळे. अनेक तबकड्या एकत्र बांधल्या की फोटोंच्या अल्बमसारखे बाड होई. 'अल्बम' हा शब्द तेथूनच आला. १९३९ साली अलेक्स स्टाइनवाइस हा तरुण चित्रकार कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये रुजू झाला आणि या कोऱ्या बाडावर चित्र काढण्याची कल्पना त्याने मालकांच्या गळी उतरवली. १९४८ साली त्याच कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी बाजारात आणली. आता एक तबकडी, एक पुठ्ठा आणि एक चित्र असा मेळ जमला. गिऱ्हाईक दुकानात शिरले की गाणे ऐकण्याआधी त्याला चित्र दिसू लागले. आणि येथेच मालकापुढे प्रश्न उभा राहिला : गाणारा काळा असेल तर चित्र कुणाचे छापावयाचे?

२

या प्रश्नाचे जे उत्तर बाजाराने दिले, ते वाचण्यासाठी चार कव्हरे समोर ठेवू.

पहिले १९५७ चे. माइल्स डेव्हिस या श्रेष्ठ तुतारीवादकाची 'माइल्स अहेड' ही तबकडी. कव्हरवर शिडाची नौका, तीवर एक गोरी स्त्री आणि मूल. डेव्हिसने यावर संताप व्यक्त केला आणि नंतरच्या आवृत्तीत त्याचे स्वतःचे छायाचित्र आले. दुसरे १९६१ चे. 'प्लीज मिस्टर पोस्टमन' हे गाणे गाणाऱ्या मार्व्हलेट्स या काळ्या मुलींच्या तबकडीवर त्या मुली नाहीत. चित्रात टपालाची पेटी आहे. तिसरे १९६६ चे. आइझली ब्रदर्स या काळ्या भावांची तबकडी; कव्हरवर समुद्रकिनारी एक गोरे जोडपे.

चौथे कव्हर मला सर्वांत बोलके वाटते. १९६५ सालची ओटिस रेडिंगची 'ओटिस ब्लू'. याच वर्षी अमेरिकेत काळ्यांच्या मताधिकाराचे रक्षण करणारा कायदा झाला. या तबकडीत सॅम कुक याने रचलेले, बदल होणारच असे सांगणारे गाणे आहे. नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपले मानले होते. याच तबकडीत 'रिस्पेक्ट', म्हणजे सन्मान, या नावाचे रेडिंगने स्वतः रचलेले गाणे आहे. आणि दर्शनी बाजूस? सोनेरी केसांच्या एका गोऱ्या स्त्रीचा चेहरा. आत सन्मान मागणारा आवाज आहे, आणि तो मागणाऱ्याला स्वतःच्याच दारात उभे राहण्याची मुभा नाही. एखाद्या समाजशास्त्रीय ग्रंथाने शंभर पाने खर्चून जे सांगावे ते या पुठ्ठ्याने एका नजरेत सांगितले आहे.

येथे घाईने निष्कर्ष काढून चालणार नाही. मार्व्हलेट्स आणि आइझली ब्रदर्स यांच्या तबकड्या काढणारी मोटाउन ही कंपनी गोऱ्या मालकाची नव्हती. बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय माणसाने १९५९ साली डेट्रॉइटमध्ये, कुटुंबाकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ती उभी केली होती. मग त्याच्या कंपनीने काळे चेहरे का झाकले? कारण माल गोऱ्या तरुणांना विकावयाचा होता. दुकानदार काळा चेहरा दर्शनी मांडणार नाही, आईबाप तो घरात येऊ देणार नाहीत, हा त्या व्यवहारामागचा हिशेब होता. म्हणजे मालक आपला असला तरी बाजाराची नजर आपली असतेच असे नाही. मालकी बदलली की दृष्टी आपोआप बदलते, अशा भोळ्या समजुतीत जे कार्यकर्ते असतील त्यांनी ही कव्हरे पुन्हा पुन्हा पाहावीत.

आता मागे वळून पाहिले म्हणजे दोन अवस्था दिसतात. पहिल्या अवस्थेत काळा चेहरा भरपूर दाखविला गेला, पण विद्रूप करून. दुसऱ्या अवस्थेत आवाज ठेवला आणि चेहरा गायब केला. या दोन्हींत निर्णय दुसऱ्याचा आहे. तेव्हा केवळ 'दिसणे' म्हणजे मुक्ती नव्हे. जिम क्रोही दिसतच होता. कोण दिसणार, कसे दिसणार आणि हे ठरविणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

३

हा निर्णय काळ्या कलावंतांनी आपल्या हाती कसा घेतला, ते पाहणे उद्बोधक आहे.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. पहिल्याच वर्षात शिकणारी ही मुले. त्यांनी तेथे किरकोळ वस्तू विकत घेतल्या. दुकानाने पैसे घेतले. मग ती मुले खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसली आणि त्यांनी कॉफी मागितली. ती मिळाली नाही. मुले दुकान बंद होईपर्यंत बसून राहिली, दुसऱ्या दिवशी अधिक संख्येने आली. हे लोण दक्षिणेतील अनेक गावांत पसरले. २५ जुलै १९६० रोजी त्या काउंटरवर कृष्णवर्णीयांना प्रथम खाद्यपेये मिळाली. ज्यांच्या बापजाद्यांना हॉटेलाबाहेर वेगळ्या टांगलेल्या कपातून चहा प्यावा लागला, ज्यांनी महाडच्या तळ्याचा १९२७ चा इतिहास मनात वागवला, त्यांना या कॉफीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच वर्षी मॅक्स रोच या तालवादकाची 'वी इन्सिस्ट!' ही तबकडी निघाली. शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियर यांचे, गायन अ‍ॅबी लिंकन यांचे. तीत गुलामांच्या मुकादमापासून दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्गच्या अश्रूंपर्यंतचा प्रवास आहे. तिच्या कव्हरवर एक कृष्णधवल छायाचित्र आहे : काउंटरवर तीन काळे पुरुष बसले आहेत, पलीकडे गोरा वाढपी उभा आहे, आणि हे तिघे मान वळवून सरळ आपल्याकडे पाहत आहेत. ते हसत नाहीत, विनवणी करीत नाहीत. त्या नजरेत एकच सवाल आहे : तुम्ही कुठे उभे आहात? आंदोलनाचे चित्र काही महिन्यांत तबकडीवर आले, ही घटना कलेच्या इतिहासात मी मोलाची मानतो. येथे कव्हर गाण्याची जाहिरात करीत नाही. गाण्याचाच पहिला चरण होते.

माइल्स डेव्हिसने दुसरा मार्ग घेतला. १९६१ च्या 'समडे माय प्रिन्स विल कम' या तबकडीवर त्याने आपली पत्नी, नर्तकी फ्रान्सिस टेलर हिचे छायाचित्र लावण्याचा आग्रह धरला. सौंदर्य म्हणजे गोरे सौंदर्य, हा बाजाराचा सिद्धान्त त्याने काळ्या स्त्रीचा चेहरा पुढे ठेवून नाकारला. राजपुत्राची वाट पाहणारी परीकथेतील मुलगी काळी असू शकते, एवढे म्हणणेही त्या काळी विद्रोह होता.

तिसरा मार्ग ब्लू नोट या छोट्या कंपनीचा. जर्मनीतून आलेल्या आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ या ज्यू मित्रांनी ती चालविली. ध्वनिमुद्रण चालू असताना वुल्फ छायाचित्रे काढी. वाद्यावर झुकलेला माणूस, मिटलेले डोळे, विचारात बुडालेला चेहरा. मांडणी करणारा रीड माइल्स ती छायाचित्रे एकदोन शाईंत, मोठ्या ठसठशीत अक्षरांसह मांडी. या कव्हरांनी काळ्या वादकाला हसवण्यासाठी उभे केले नाही. त्याला काम करताना दाखवले. श्रम आणि बुद्धी यांची फारकत करणाऱ्या समाजात, हाताने काम करणारा माणूस विचारही करतो असे चित्रातून सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

चौथा मार्ग पँथरांचा. ब्लॅक पँथर पक्षाचे 'संस्कृतिमंत्री' एमरी डग्लस हे व्यावसायिक चित्रकला शिकलेले तरुण. पक्षाच्या वृत्तपत्रासाठी पैसा कमी, छपाई स्वस्त. म्हणून जाड रेषा आणि काळ्याच्या जोडीला एखादाच रंग अशी शैली त्यांनी घडवली. वस्तीतल्या भिंतीवर चिकटवले तरी लांबून वाचता यावे असे चित्र. १९६९ साली पक्षाच्या कार्यकर्त्या इलेन ब्राउन यांची 'सीझ द टाइम' ही तबकडी निघाली, तिचे कव्हर डग्लस यांचेच. गरिबी ही शैलीची अडचण नसते, तीच शैली होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या सायक्लोस्टाइल पत्रकांनी आणि निळ्या अक्षरांच्या भिंतींनी हेच सांगितले होते. फक्त आपण त्याला कला म्हणण्याचे धाडस केले नाही.

४

पुठ्ठ्याचे राज्य गेले आणि पडद्याचे आले. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही दिवसभर गाण्यांचे व्हिडिओ दाखविणारी वाहिनी सुरू झाली. साधन नवे, पण जुना प्रश्न तसाच परत आला. सुरुवातीच्या काळात या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलावंत अगदी तुरळक दिसत. आमची वाहिनी रॉक संगीताची आहे, असे त्याचे समर्थन केले जाई. १९८३ साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने त्याच वाहिनीवरील मुलाखतीत, तुम्ही काळ्यांना का दाखवत नाही, असा जाब विचारला. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनच्या 'बिली जीन'मुळे ही भिंत खचली.

त्याच वर्षीचा हर्बी हॅनकॉक यांचा 'रॉकिट' हा व्हिडिओ मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. त्यात घरभर यंत्रमानव हलतात. हॅनकॉक हे त्या संगीताचे कर्ते. ते दिसतात फक्त त्या घरातील एका दूरचित्रवाणी संचाच्या छोट्या पडद्यावर. वाहिनीने व्हिडिओ नाकारू नये म्हणून आपण कमीत कमी दिसावे, हा हिशेब त्यामागे होता. १९८४ साली या व्हिडिओला वाहिनीच्या पहिल्याच पुरस्कार समारंभात पाच पुरस्कार मिळाले. कलावंताने स्वतःला जवळजवळ पुसून घेतले आणि त्याच पडद्यावर गौरव मिळवला. ओटिस रेडिंगचे कव्हर अठरा वर्षांनी पडद्यावर हलू लागले होते.

याला उत्तर आले ते विद्यार्थ्यांच्या गोटातून. न्यूयॉर्कजवळच्या अ‍ॅडेल्फी विद्यापीठात आरेखन शिकणारा चक डी आणि तेथील विद्यार्थी नभोवाणी केंद्राभोवती जमलेले तरुण यांतून 'पब्लिक एनिमी' हा गट निघाला. बंदुकीच्या नेमात सापडलेल्या काळ्या माणसाची छायाकृती हे त्यांचे बोधचिन्ह चक डीने स्वतः काढले. १९८८ च्या त्यांच्या तबकडीवर हे गायक तुरुंगाच्या गजांआड उभे आहेत. १९८९ साली स्पाइक ली यांनी 'फाइट द पॉवर'चा व्हिडिओ ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय वस्तीत, रस्त्यावर, मोर्चाच्या स्वरूपात चित्रित केला. फलक हातात घेतलेली माणसे, मध्ये व्यासपीठ, आणि गाणारे त्या गर्दीतलेच. नटनट्यांची त्याला गरज भासली नाही. वस्ती हीच नायक झाली.

५

आता आपल्याकडे वळू. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. गाणे संपताच त्या आपले नाव मोठ्याने सांगतात. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात, तेथील तंत्रज्ञांना आवाज कुणाचा ते कळावे म्हणून ही प्रथा होती, असे अभ्यासक सांगतात. कारण काहीही असो; कोऱ्या पाकिटाच्या काळात आवाजाला आपली ओळख आपणच सांगावी लागली.

आपल्या परंपरेला ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चोखामेळ्याने चौदाव्या शतकात अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. सोयराबाईने गुंफले ते मात्र 'चोख्याची महारी' म्हणून. स्त्रीला सहीसुद्धा नवऱ्याच्या नावाआडून करावी लागली, हेही येथे नोंदवले पाहिजे. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) शेकडो गीतांच्या अखेरीस 'वामन' हे नाव ओवले. पंडित याला मुद्रिका म्हणतात. मी तिला ज्याला कव्हर मिळाले नाही त्याचे कव्हर म्हणतो. पुठ्ठा फाडता येतो, कागद बदलता येतो. शेवटच्या ओळीत ओवलेले नाव काढले तर गाण्याचा तोलच जातो. ज्यांची नावे छापली जाणार नव्हती, त्यांनी ती गाण्यातच कोरून ठेवली.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि भीमगीते दीक्षाभूमी-चैत्यभूमीच्या स्टॉलवरून घराघरांत पोचली. माझ्याकडे अशा बऱ्याच कॅसेट जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या कव्हरांवर निळा रंग आहे, कोटातले बाबासाहेब आहेत, हातात ग्रंथ आहे. हे चित्र प्रस्थापितांनी दिलेले नाही. आपल्या माणसांनी स्वतः निवडले आहे, आणि म्हणूनच त्याला मोल आहे. पण त्याच कव्हरांवर मी ढोलकी वाजविणाऱ्याचे नाव शोधतो आणि बहुतेक वेळा ते सापडत नाही. कोरसमधील बायांची नावे तर नाहीतच. जो प्रश्न आपण बाजाराला विचारतो तो घरातही विचारावा लागेल.

अलीकडचा दाखला तमिळनाडूचा. मार्च २०२१ मध्ये आलेले 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे धी आणि अरिवु यांनी गायिले, शब्द अरिवुचे. भूमिहीन मजुरांच्या पिढ्यांचे दुःख त्यात आहे आणि अरिवु हा उघडपणे आंबेडकरी विचार सांगणारा कलावंत. गाणे जगभर गाजले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर धी आणि शॅन व्हिन्सेंट डी पॉल हे दोन गायक झळकले; अरिवु नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतला, वाद पेटला आणि त्यानंतर त्या नियतकालिकाने अरिवुचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. १९६५ आणि २०२१ यांत छप्पन्न वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे. पुठ्ठा मात्र तोच आहे.

६

हे सारे इतिहासाच्या तासापुरते ठेवावे असे मला वाटत नाही. आमच्या महाविद्यालयातील काही मुलामुलींनी गेल्या वर्षी एका गाण्याचा व्हिडिओ करावयाचे ठरविले. गाणे ऊसतोडीवरचे, लिहिले आणि गायिले वसतिगृहातील एका मुलीने. तिचे आईवडील दरसाल मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून तेथे एक 'कोयता' मोजला जातो. म्हणजे बाईच्या श्रमाला हिशेबात स्वतंत्र नावही नाही. मुलांचा आराखडा तयार होता : शहरातून एक गोरीगोमटी मुलगी आणावयाची, तिला नऊवारी नेसवावयाची, वरून ड्रोन फिरवावयाचा. गाणारी मुलगी म्हणाली, "सर, आवाज माझा राहू द्या, मी नको दिसायला."

मी त्यांना उपदेश केला नाही. 'ओटिस ब्लू', 'माइल्स अहेड', 'वी इन्सिस्ट!' आणि ब्लू नोटचे एक, अशी चार कव्हरे टेबलावर मांडली आणि प्रत्येकापुढे तेच प्रश्न ठेवले. आवाज कुणाचा? चेहरा कुणाचा? तो काय करतो आहे, बसला आहे, हसतो आहे की राबतो आहे? त्याची नजर कुठे आहे? कुणाचे नाव किती मोठ्या अक्षरात? आणि हे ठरविले कुणी? दोन तास वाद झाला. एकजण म्हणाला, "पण सर, कुणी पाहिलेच नाही तर?" हा प्रश्न खोटा नव्हता, बेरी गॉर्डीपुढेही तोच होता. मी एवढेच म्हणालो की हे उत्तर तुम्हीच द्यावयाचे आहे, पण किंमत कोण मोजणार ते आधी ठरवा.

मग त्यांनी वहीत रकाने आखले. व्हिडिओच्या कोणत्याही आराखड्यात ओळ, चित्र, जागा आणि सेकंद हे रकाने असतातच. गाणे तीन मिनिटे चाळीस सेकंदांचे, म्हणजे दोनशे वीस सेकंदांचा हिशेब. या मुलांनी आणखी दोन रकाने वाढविले : 'कोण दिसते' आणि 'त्यांना विचारले का'. दुसऱ्या रकान्यासाठी त्यांना फडावर दोनदा जावे लागले. काही बायांनी होकार दिला. एका बाईने स्पष्ट सांगितले की चेहरा नको, हात घ्या. मुलांनी तिचे मोळी बांधणारे हात घेतले. हे मला महत्त्वाचे वाटते. बाजाराने चेहरा झाकणे वेगळे आणि माणसाने स्वतःच्या मर्जीने तो न देणे वेगळे. 'नाही' म्हणण्याचा हक्क हाही चेहऱ्याचाच हक्क आहे.

गाणारी मुलगी शेवटी एकाच कडव्यात दिसली. कोपीच्या दाराशी उभी, सकाळच्या उन्हात, सरळ कॅमेऱ्याकडे पाहत. लाउडस्पीकरवर गाणे लावून नुसते ओठ हलविण्याऐवजी ती प्रत्यक्ष गात होती, कारण गाणाऱ्या गळ्याच्या शिरा ओठ हलविल्याने दिसत नाहीत. यूट्यूबसाठी लागणारे छोटे मुखचित्र त्यांनी दोनच रंगांत केले, काळा आणि निळा. ढोलकीवाल्यापासून ट्रॅक्टरवर बसवून नेणाऱ्या चालकापर्यंत सर्वांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत दिली. व्हिडिओ किती लोकांनी पाहिला? फारसा नाही. शहरातली मुलगी आणली असती तर कदाचित अधिक पाहिला असता. हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. मात्र तो ज्या टोळीत पाहिला गेला तेथे बायांनी पडद्यावर बोट ठेवून एकमेकींची नावे घेतली. खपाच्या हिशेबात या घटनेला रकाना नाही; आपल्या इतिहासात असला पाहिजे.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. तुमच्या गावातील जुन्या कॅसेटची कव्हरे, जलशांची हस्तपत्रके, कव्वालीच्या मुकाबल्यांची भित्तिपत्रके जमा करा. त्यांवर कोण आहे याची नोंद करा आणि कोण नाही याची त्याहून काळजीपूर्वक करा. ज्यांनी ती वाजविली, गायिली, लिहिली, त्यांतील जे हयात आहेत त्यांना गाठून नावे विचारून घ्या. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. आणि विद्यार्थ्यांनो, कॅमेरा सुरू करण्यापूर्वी वहीत तो रकाना आखा. कोण दिसते, आणि त्याला विचारले का.